बिऱ्हाड अखंड राहावे म्हणून : नाशिककरांना एक खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि देवस्थानांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी शासनाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, त्याला कारण आहे. बेघरांसाठी शासनाने काय करावे, हे न्यायालयाच्या आदेशांत आणि योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते मागत राहण्याचे काम माझ्यासारखे काही जण करीत आहेतच. परंतु एखादे कुटुंब भाड्याच्या खोलीतून रस्त्यावर येते, तेव्हा त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत जे घडत असते ते कोणत्याही कार्यालयाच्या आधी शेजाऱ्याला, किराणा दुकानदाराला, मुलांच्या शिक्षकांना आणि घरकाम देणाऱ्या ताईंना दिसत असते. दिसत असते, पण उमगत नाही. मलाही उमगले नव्हते, आणि या पत्राची सुरुवात तिथूनच करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्तीच्या काही वर्षे आधी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव येथे लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती रोज सगळ्या विषयांची पुस्तके आणि वह्या दप्तरात भरून आणू लागली. वेळापत्रक पाहून दप्तर भरावे, असे मी तिला दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा जरा रागावूनच सांगितले. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच जड दप्तर घेऊन यायची. डिसेंबरच्या मध्यावर एके दिवशी दप्तराचा बंद तुटला आणि सगळे सामान फरशीवर सांडले. वह्यांबरोबर एक प्लास्टिकची पिशवी पडली, तिच्यात घरचे रेशनकार्ड, आईवडिलांची आधारकार्डे, धाकट्या भावाचे लसीकरणाचे कार्ड आणि वडिलांचे दवाखान्याचे केसपेपर होते. हे सगळे शाळेत कशाला आणतेस, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, इथं भिजत नाही आणि कुणी चोरत पण नाही."

तिचे वडील बांधकामावर परांचीवरून पडले होते. पेठ रोडच्या बाजूला पत्र्याच्या एका खोलीत हे कुटुंब राहत होते. महिना अडीच हजार भाडे आणि दहा हजार डिपॉझिट. कमाई थांबल्यावर घरमालकाने चार महिने भाडे डिपॉझिटमधून वळते करून घेतले, आणि डिपॉझिट संपले त्या आठवड्यात खोली रिकामी करायला सांगितली. घरमालक वाईट माणूस होता असे मला वाटत नाही. त्याच्याही घरात त्या भाड्यावर चूल पेटत असावी. आई, वडील, तेरा वर्षांचा मोठा भाऊ, ही मुलगी आणि दोन वर्षांचा धाकटा, असे पाच जण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पटांगणाच्या एका कडेला ताडपत्री बांधून राहू लागले होते. ती मुलगी पहाटे अंधार असताना घाटावर आंघोळ करून, केस विंचरून, वेळेवर शाळेत येत होती. सहा आठवडे मी तिची हजेरी घेत होते आणि मला काहीही कळले नव्हते.

आम्ही तीन-चार शिक्षकांनी धावपळ केली. एका निवाऱ्यात चौकशी केली, तेव्हा कळले की आईला आणि दोन लहान मुलांना एका ठिकाणी घेता येईल, वडिलांना पुरुषांच्या निवाऱ्यात जावे लागेल आणि तेरा वर्षांचा मुलगा ना धड बायकांच्या बाजूला बसतो ना एकट्याने पुरुषांच्या बाजूला ठेवता येतो. वडिलांच्या पायाला प्लास्टर होते. त्यांना शौचालयापर्यंत नेणारा तो मुलगाच होता. त्या बाईने शांतपणे सांगितले की आम्ही आहोत तिथेच बरे आहोत. त्यावर आमच्यातल्याच एकाच्या तोंडून ते वाक्य निघाले, जे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेले किंवा म्हटलेले आहे, की "या लोकांनाच निवारा नको असतो."

त्या वाक्याचा विचार मी पुढे अनेक वर्षे केला आहे. त्या बाईला निवारा हवा होता. आपले कुटुंब तीन ठिकाणी वाटून मिळणारा निवारा तिला नको होता. आपल्या घरात कोणी असे सुचवले असते, की वडील इकडे, मुलगा तिकडे आणि तुम्ही पलीकडे, तर आपणही तो नाकारला असता, आणि आपल्याला कोणी हट्टी म्हटले नसते.

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकानाच्या फळीखाली घोंगडी पांघरून झोपलेला एकटा पुरुष येतो. तोही आहे, आणि त्याचे हाल कमी नाहीत. पण २०११ च्या जनगणनेने, २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर फिरून, जी बेघर माणसे मोजली ती १७ लाख ७३ हजारांच्या आसपास होती आणि ती सुमारे साडेचार लाख कुटुंबांत विभागलेली होती. म्हणजे एका कुटुंबामागे साधारण चार माणसे. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे २ लाख १० हजार होता. उघड्यावर, फूटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलांखाली, जिन्याखाली, देवळांच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणाऱ्यांनाच ही गणना बेघर मानते. मावशीच्या एका खोलीत आठवा, नववा आणि दहावा माणूस म्हणून सामावलेले कुटुंब तिच्यात येत नाही, आणि रस्त्यावर येण्याआधीचा मुक्काम बहुधा तोच असतो.

नाशिकमध्ये अशी कुटुंबे कोणत्या वाटांनी येतात, हे आपण रोज पाहतो, फक्त त्यांना एका नावाने ओळखत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो, पण उतारावरच्या जमिनीतून तो वाहून जातो आणि भात, नागली, वरई निघाल्यावर दुसऱ्या पिकाला पाणी उरत नाही. म्हणून दिवाळीच्या आगेमागे माणसे खाली उतरतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात, पेठ नाक्यावर आणि दिंडोरी रोडच्या कडेला उभी असलेली जोडपी पाहा. त्यांच्याजवळ गाठोडे असते, पातेले असते आणि कडेवर मूल असते. द्राक्षबागेच्या छाटणीपासून काढणीपर्यंतचे काम त्यांच्या हातांवर चालते. गावाकडे त्यांचे घर आहे, त्यामुळे कागदोपत्री ती बेघर नाहीत. पण वर्षातले सहा-सात महिने त्यांच्या मुलांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाखेरीज काही नसते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण सहज वापरतो. ते बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बाईला मात्र संध्याकाळी ते कुठेतरी उतरवावे लागते, आणि ते कुठे उतरवायचे हाच तिचा रोजचा प्रश्न असतो.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती तुमच्या इमारतीत घडलेली आहे. पाथर्डी फाटा असो, म्हसरूळ असो की गंगापूर रोड, इमारत उभी राहत असताना तिच्या सांगाड्यात एक कुटुंब राहत असते. नवरा रात्री सिमेंट आणि सळया राखतो, बायको दिवसा विटा वाहते किंवा भिंतींवर पाणी मारते, मुले वाळूच्या ढिगावर खेळतात. भिंती बांधून होतात तसतसे हे कुटुंब या मजल्यावरून त्या मजल्यावर आणि शेवटी पार्किंगमध्ये, जिन्याखाली सरकते. वास्तुशांतीच्या सुमारास त्यांना निघायला सांगितले जाते. तुमच्या घराचे पहिले रहिवासी तेच होते, आणि ते कुठे गेले हे कोणी विचारलेले नसते. पुढे सोसायटी स्वतःचा वॉचमन ठेवते, त्यालाही जिन्याखालची खोली मिळते, आणि एखाद्या सर्वसाधारण सभेत एजन्सीचा गार्ड स्वस्त पडतो असे ठरले की महिनाअखेरीस एक कुटुंब एकाच वेळी नोकरी आणि घर गमावते. असा ठराव करताना दोन महिन्यांची मुदत आणि दुसरी खोली शोधायला मदत एवढे त्याच ठरावात लिहिले, तर सोसायटीवर त्याचा भार नगण्य असतो. मी ज्या सोसायटीत राहते तिथे आम्ही हे लिहून घेतले आहे.

घाटावर पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबे हा याहून वेगळा विषय आहे. त्यांतली बरीच भटक्या आणि विमुक्त जमातींतली आहेत, आणि १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्या जमातींच्या माथ्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला तरी लोकांच्या मनातून पूर्णपणे गेलेला नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत ते चढले की आपण ते पाहायला होळकर पुलावर गर्दी करतो. त्याच वेळी ही कुटुंबे भिजलेली गाठोडी घेऊन वरच्या रस्त्यांवर दुकानांच्या पायऱ्या शोधत असतात. आणि चौथी वाट सगळ्यांत शांत आहे: मारहाणीला कंटाळून मुलांना घेऊन मध्यरात्री घराबाहेर पडलेली बाई, जी मध्यवर्ती बसस्थानकावर प्रवासी असल्यासारखी बसून रात्र काढते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, तिला बाहेर काढता येत नाही असे सांगतो, हे तिला सांगणारे माणूस त्या बाकावर तिच्या शेजारी नसते.

आता कुटुंबाला दार नसले म्हणजे काय होते, ते थोडे सविस्तर सांगते, कारण मदत कुठे करायची हे त्यावरून ठरते. पहिली गोष्ट सामानाची. कुलूप लावायला दार नसले की सामानाजवळ कोणीतरी बसावे लागते. आई बसली तर तिची मजुरी बुडते, मोठी मुलगी बसली तर तिची शाळा बुडते. आपण म्हणतो की या लोकांना मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. त्या मुलीची शाळा पत्र्याच्या एका पेटीने अडवलेली असते. दुसरी गोष्ट शौचालयाची. पाच माणसांनी दिवसातून दोनदा पैसे भरून शौचालय वापरायचे म्हटले तर महिन्याचा तो खर्च एखाद्या खोलीच्या निम्म्या भाड्याच्या जवळ जातो. म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि अंधाराची वाट पाहतात. तिसरी गोष्ट झोपेची. वयात येणारी मुलगी जवळ असली की आईवडिलांपैकी एक जण जागा असतो. सकाळी नाक्यावर उभा राहणारा, डोळे लाल झालेला माणूस प्यायलेला असेलच असे नाही.

आणि चौथी गोष्ट भीतीची. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबई कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि निर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे किंवा थांबणे हेही त्याच्या व्याख्येत बसू शकते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे त्या आहेत. बालकांसाठीचा २०१५ चा न्याय कायदा घर नसलेल्या आणि उदरनिर्वाहाचे साधन न दिसणाऱ्या मुलाला काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानतो. तोच कायदा मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानतो आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय म्हणतो, पण रस्त्यावरच्या आईपर्यंत त्याचा पहिला अर्धाच पोहोचलेला असतो. म्हणूनच आपण सद्भावनेने जवळ गेलो, वही काढून नावे विचारू लागलो की ती पोरांना पदराआड घेते आणि खोटे गाव सांगते. आपली मुले कोणी उचलून नेईल या भीतीपुढे थंडीची भीती लहान असते.

यावर शासनाची व्यवस्था काय म्हणते, ते थोडक्यात नोंदवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे बजावले, आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याला योजनेचे रूप दिले: बारा महिने, चोवीस तास चालणारा, सुमारे शंभर माणसांचा, माणशी किमान ५० चौरस फूट जागेचा निवारा, शक्यतो काम मिळण्याच्या ठिकाणांजवळ, आणि कुटुंबांसाठी खासगीपणा जपणारी वेगळी रचना. २०११ मध्ये नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चौदा-पंधरा निवारे. त्यानंतर शहर किती वाढले ते आपण पाहतोच. माझा आग्रह या संख्येहून त्या शेवटच्या अटीवर अधिक आहे. कुटुंबाला एक दार हवे, ज्यातून पाचही जण आत जातील आणि जे आतून लावता येईल.

ही कल्पना परकी नाही, आणि नाशिकला तर मुळीच नाही. गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी अशा क्रमाने सांगितलेल्या त्यांच्या दहा गोष्टींत बेघरांना आसरा ही एक गोष्ट आहे. धर्मशाळा म्हणजे काय होते? आलेले कुटुंब एका खोलीत एकत्र उतरत असे, सामान ठेवत असे, तिथेच पिठले-भाकरी करून खात असे आणि काम होईपर्यंत राहत असे. यात्रेकरू नवराबायकोला वेगवेगळ्या इमारतींत पाठवावे असे कोणत्याही धर्मशाळेला सुचले नाही. आपले शहरच परक्या कुटुंबांना उतरवून घेण्यावर वाढले आहे. इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या घराण्यांची नावे, गावे आणि पिढ्या लिहिलेल्या आहेत; पणजोबा कधी आले होते तेही सापडते. त्याच पटांगणावर झोपणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीची नोंद मात्र तिच्या दप्तरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होती, आणि ती पिशवी हरवली असती तर कुठेच नसती.

देवस्थानांच्या विश्वस्तांना म्हणूनच माझी विनंती आहे की आपल्या ताब्यातील भक्तनिवासांत किंवा जुन्या धर्मशाळांत दोन-चार खोल्या कुटुंबांसाठी, ठरावीक मुदतीपुरत्या, राखून ठेवाव्यात. तीन महिने पुरतात. खोली गमावलेले कुटुंब तीन महिन्यांत पुन्हा उभे राहू शकते, पण तीन महिने घाटावर काढलेले कुटुंब पुढे तीन वर्षे सावरत नाही, हे मी पाहिले आहे.

मघाच्या कुटुंबाचे पुढे काय झाले ते सांगते. आमच्या एका सहकारी बाईंच्या ओळखीत एक खोली होती. घरमालकाने आधी नकार दिला, मग "बाईंची ओळख आहे ना, मग ठीक आहे" असे म्हणून होकार दिला. डिपॉझिटचे आठ हजार आम्ही चौघींनी मिळून भरले. पायाचे प्लास्टर निघाल्यावर वडिलांना रखवालीचे काम मिळाले आणि भाडे त्यांचे तेच भरू लागले. अकरा महिन्यांनी त्यांनी कामाजवळ दुसरी खोली घेतली, तेव्हा ते स्वतः शाळेत येऊन परत मिळालेले आठ हजार रुपये माझ्या हातात देऊन गेले. आम्ही ते परत मागणार नव्हतो. तेच पैसे आम्ही दुसऱ्या एका कुटुंबाच्या डिपॉझिटला वापरले, नंतर तिसऱ्या. तिसऱ्या वेळी ते बुडाले. त्या घरातला कर्ता माणूस वारला आणि डिपॉझिट भाड्यात गेले. तरीही आठ हजारांत तीन कुटुंबे काही काळ दाराआड राहिली.

त्यातून मला जे कळले ते आपल्यापुढे ठेवते. या कुटुंबांजवळ भाड्यापुरती कमाई बहुतेक वेळा असते. एकरकमी डिपॉझिट नसते आणि ओळख नसते. आपल्या भाषेत ओळख हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, कागदावरची आणि माणसांतली, आणि त्यांच्याजवळ दोन्ही कमी असतात. आपल्याजवळ दोन्ही आहेत. आपल्याकडे घरोघरी भिशी चालते, तिचे नियम महिला मंडळांना मी सांगायला नकोत. तशीच एक डिपॉझिटची भिशी प्रत्येक मंडळाने सुरू करावी, असे मला मनापासून सुचवायचे आहे. वीस जणींनी पाचशे रुपये घातले की एका खोलीचे डिपॉझिट उभे राहते. ते घरमालकाकडे राहते, खर्च होत नाही, आणि कुटुंब पुढे गेले की दुसऱ्याच्या उपयोगी पडते. घरमालकाशी बोलायला मंडळातले एक माणूस जावे, आणि भाडे थकू लागले तर घरमालकाने खोली रिकामी करायला सांगण्याआधी त्या माणसाला फोन करावा, एवढे ठरवून घ्यावे. तो एक फोन माझ्या अनुभवात डिपॉझिटहून अधिक मोलाचा ठरला आहे. अधूनमधून पैसे बुडतील, हे मी लपवत नाही. गणेशोत्सवात आपण विसर्जनाच्या दिवशी ढोल आणि रोषणाईवर जे घालवतो त्याचा हिशेब कोणी परत मागत नाही. मंडळांनी वर्गणीतला थोडासा भाग या बुडीतासाठी बाजूला ठेवावा.

दर डिसेंबरला निफाडचा पारा किती खाली गेला याच्या बातम्या येऊ लागल्या की घाटावर घोंगड्या वाटायला आणि खिचडी द्यायला गाड्या येतात. ते बंद करा असे मी म्हणणार नाही. थंडीत घोंगडी ही घोंगडीच असते. पण एकाच रात्री तीन गट तीन घोंगड्या देऊन, फोटो काढून जातात आणि पुढचे अकरा महिने कोणी फिरकत नाही, हे बदलायला हवे. मुलांचे चेहरे मोबाइलवर फिरतात, आणि ती मुले दुसऱ्या दिवशी शाळेत जाणारी असतात, याचा तरी विचार व्हावा. त्याऐवजी ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या विरंगुळा केंद्राच्या एका कोपऱ्यात पेट्या ठेवायला जागा दिली, सकाळी आठला पेटी ठेवावी आणि संध्याकाळी सहाला न्यावी असे ठरवले, तर एका आईची मजुरी आणि एका मुलीची शाळा वाचते. तिथेच मोबाइल चार्ज करायला एक बोर्ड असावा, कारण नाक्यावरचे काम आता फोनवर येते. सोसायट्यांचे आणि मंडळांचे जे सभागृह वर्षातून बारा-पंधरा दिवस वापरले जाते, ते नदीला पूर येईल त्या रात्री कोणाच्या चावीने उघडेल, हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे.

शाळेबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही घ्यावे लागते, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. तरीही पालक दारातून परततात, कारण कार्यालयात पहिला प्रश्न कागदाचा विचारला जातो आणि उलट विचारायचे धैर्य त्यांच्यात नसते. त्यांच्याबरोबर निवृत्त शिक्षकांपैकी कोणी गेले तर दहा मिनिटांत काम होते. मी असे कितीतरी वेळा गेले आहे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली, ती महापालिका आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून उभी केली. द्वारका चौकाच्या परिसरात फुगे विकणाऱ्या मुलांकडे पाहताना मला ती शाळा आठवते.

मतदार यादीचीही एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची आणि मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे जाऊन खात्री करतो. एका रात्रीहून अधिक रात्री तिथे तो झोपलेला दिसला की नाव नोंदवले जाते. रेशनही आता मूळ गावच्या कार्डावर दुसऱ्या गावी मिळू शकते. या दोन गोष्टी पेठ नाक्यावर सकाळी सातला उभे राहून कोणी समजावून सांगितल्या, तरी ती मोठी मदत होईल. आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून जनगणना होत आहे. आपल्या वॉर्डात कोणती कुटुंबे कुठे झोपतात हे आपल्याला माहीत असेल, तर ते प्रगणकाला सांगा. मोजले गेले नाही त्यासाठी निवारा बांधला जात नाही.

शेवटी सिंहस्थाविषयी. २०२७ च्या पर्वण्यांसाठी घाट मोकळे केले जातील, आणि यात्रेकरूंच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकही असेल. लाखो अनोळखी माणसांना पाणी, दिवे, शौचालये आणि छप्पर देण्याची ताकद या शहरात आहे हे आपण प्रत्येक सिंहस्थात पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाटेत अडकलेल्या मजुरांसाठी शाळा उघडल्या गेल्या आणि १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली, तेव्हाही पाहिले. माझे म्हणणे इतकेच आहे की घाटावरून हलवल्या जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आधी जागा दाखवावी आणि मग हलवावे, आणि त्या वेळी आपल्यापैकी दोन-दोन माणसांनी तिथे हजर राहावे, म्हणजे पेटी, कागद आणि पोर यांतले काहीही मागे राहणार नाही. सिंहस्थासाठी जे पक्के बांधले जाईल, त्यातले काही पुढे कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी वापरता येईल का, हे आपण सर्वांनी मिळून आत्ताच विचारायला हवे. सोहळा संपल्यावर विचारून उपयोग होत नाही.

माझ्या ओळखीच्या तीन घरमालकांशी मी बोलून ठेवले आहे. मंडळातले कोणी बरोबर असेल तर ते कुटुंबाला खोली द्यायला तयार आहेत. पहिल्या भिशीसाठी दहा हजार रुपये मी पेन्शनमधून वेगळे काढले आहेत. ज्या मंडळाला सुरुवात करायची असेल त्याच्या बैठकीला, शहरात कुठेही असली तरी, मी येईन आणि वहीचा हिशेब कसा ठेवला तेही दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पंचवटी, नाशिक